युद्धाआधी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष काँग्रेसला विचारतात की नुसते कळवतात?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतींतील फरक समजावताना मी वर्गात सांगितले की, अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध घोषित करण्याचा आणि सैन्यासाठी पैसा मंजूर करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून बनलेल्या तिथल्या संसदेला, दिला आहे, तर राष्ट्राध्यक्षांना सेनादलांचे सरसेनापती केले आहे. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "मग विमाने पाठवण्याआधी राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्षात कोणाला विचारतात?" या प्रश्नाचे नीट उत्तर मला देता आले नाही आणि पुढच्या तासाला सांगते, असे मी तिला कबूल केले आहे.

अमेरिकेने शेवटची रीतसर युद्धघोषणा जून १९४२ मध्ये बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानिया यांच्याविरुद्ध केली, हे मला ठाऊक आहे. त्यानंतर कोरियापासून अफगाणिस्तानपर्यंत जी युद्धे झाली, त्यांपैकी एकालाही तशी घोषणा नव्हती. तेव्हा सल्लामसलत म्हणजे तिथे नेमके काय होते, कोणाला बोलावले जाते, आणि बोलावलेल्यांनी नको म्हटले तर काही फरक पडतो का, हे जाणकारांनी सांगावे.

पूर्वकिनारा

मॅडम, मी बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि इथला मतदार या नात्याने हा विषय मला जिव्हाळ्याचा वाटतो. आपल्या विद्यार्थिनीला सांगण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे १९७३ चा युद्धाधिकार ठराव. त्याला ठराव म्हणत असले तरी तो कायदाच आहे. व्हिएतनाममध्ये काय झाले ते लोकप्रतिनिधींच्या मनात ताजे होते. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर हल्ले झाल्याचे सांगण्यात आले, त्यानंतर प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना मोकळीक दिली आणि त्या एका मतदानावर वर्षानुवर्षे युद्ध चालले. पुढे निक्सन यांच्या काळात कंबोडियावर गुपचूप बॉम्बफेक झाली, तीही काँग्रेसला अंधारात ठेवून. त्यामुळे नोव्हेंबर १९७३ मध्ये या कायद्यावरील निक्सन यांचा नकाराधिकार दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी मोडून काढला.

या कायद्यानुसार सैन्य लढाईत उतरवल्यावर ४८ तासांच्या आत लेखी अहवाल द्यावा लागतो आणि काँग्रेसची मंजुरी मिळाली नाही तर ६० दिवसांत, सुरक्षित माघारीसाठी फार तर आणखी ३० दिवस घेऊन, सैन्य मागे घ्यावे लागते. हे आकडे सर्वांना पाठ असतात. मला मात्र त्याच्या तिसऱ्या कलमाचे महत्त्व अधिक वाटते. सैन्य पाठवण्याआधी शक्य त्या प्रत्येक प्रसंगी राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसशी सल्लामसलत केलीच पाहिजे, असे ते कलम सांगते. प्रतिनिधिगृहाच्या समितीने आपल्या अहवालात त्याचा अर्थही स्पष्ट केला होता: नुसते कळवणे म्हणजे सल्लामसलत नव्हे, निर्णय व्हायचा असताना सदस्यांचे मत मागणे म्हणजे सल्लामसलत. आपल्याकडच्या व्यवहारातले उदाहरण द्यायचे तर, लग्न ठरवण्याच्या बैठकीला वडीलधाऱ्यांना बोलावणे वेगळे आणि छापलेली पत्रिका त्यांच्या हातात ठेवणे वेगळे.

आणि इथे बहुतेक वेळा पत्रिकाच हातात ठेवली गेली आहे. मे १९७५ मध्ये कंबोडियाने पकडलेले मायाग्वेझ हे अमेरिकी मालवाहू जहाज सोडवण्याच्या कारवाईत राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी आदेश आधी दिले आणि काँग्रेसच्या नेत्यांना नंतर सांगितले. एप्रिल १९८६ मध्ये लिबियावरच्या हल्ल्याची माहिती देण्यासाठी रेगन यांनी नेत्यांना बोलावले, तेव्हा ब्रिटनमधून निघालेली विमाने आकाशात होती. अशा बैठकीत कोणी विरोध केला तरी त्याचा उपयोग काय? कायद्यात 'शक्य त्या प्रत्येक प्रसंगी' असे शब्द आहेत आणि काय शक्य आहे हे ठरवणारे राष्ट्राध्यक्षच आहेत. सारी पळवाट तिथेच आहे.

कोणाला बोलावतात, याचे उत्तर प्रसंगावर अवलंबून असते. सर्वसाधारणपणे दोन्ही सभागृहांतील दोन्ही पक्षांचे नेते आणि परराष्ट्र व संरक्षण समित्यांचे प्रमुख असतात. अत्यंत गुप्त कारवाई असेल तर केवळ आठ जणांना सांगण्याची तरतूद आहे: प्रतिनिधिगृहाचे सभापती आणि तिथले अल्पमतातील नेते, सिनेटमधील दोन्ही पक्षांचे नेते, आणि दोन्ही गुप्तवार्ता समित्यांचे अध्यक्ष व त्या समित्यांतील विरोधी पक्षाचे प्रमुख सदस्य. त्या आठ जणांना ऐकलेले बाहेर बोलता येत नाही, म्हणून त्यांना सांगितले म्हणजे काँग्रेसला विचारले, असे मी तरी मानत नाही.

जुनी कात्रणे

वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे, पण विचारल्याने युद्ध टळल्याचे एक उदाहरण विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. १९५४ च्या वसंतात व्हिएतनाममधील दिएन बिएन फू येथे फ्रेंच सैन्य व्हिएत मिन्हच्या, म्हणजे फ्रेंच सत्तेविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील फौजेच्या, वेढ्यात सापडले होते. ३ एप्रिल रोजी परराष्ट्रमंत्री डलेस आणि संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष ॲडमिरल रॅडफर्ड यांनी दोन्ही पक्षांच्या आठ लोकप्रतिनिधींना बोलावले. पाच सिनेटर होते, तीन प्रतिनिधिगृहातले. लिंडन जॉन्सन त्यांत होते. हवाई हल्ल्यासाठी काँग्रेसचा पाठिंबा मिळवणे हा हेतू होता. सदस्यांनी साधे प्रश्न विचारले. इतर सेनाप्रमुखांना ही योजना मान्य आहे का? ती मान्य नव्हती. मित्रराष्ट्रे बरोबर येणार का? त्यांना अजून विचारलेच नव्हते. कोरियात बहुतेक भार एकट्या अमेरिकेने वाहिला, तसे पुन्हा नको, असे सांगून त्यांनी ब्रिटन आणि इतर देश सोबत असल्याची अट घातली. ब्रिटनने नकार दिला, अमेरिकी विमाने गेली नाहीत आणि ७ मे रोजी तो तळ पडला. आयझेनहॉवर यांना स्वतःलाच एकट्याने युद्धात उतरायचे नव्हते, असे मानणारे अभ्यासक आहेत. तसे असले तरी 'इतर सेनाप्रमुखांचे मत काय' हा प्रश्न त्या खोलीत लोकप्रतिनिधींनी विचारला, हे उरतेच. त्याच जॉन्सन यांनी दहा वर्षांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून टोंकिनचा ठराव मंजूर करून घेतला, याचे मला अतिशय दुःख वाटते.

मात्र लोकप्रतिनिधी नेहमीच शांततेच्या बाजूने असतात, असा समज वर्गात निर्माण होऊ देऊ नये. सोव्हिएत संघाने क्यूबात क्षेपणास्त्रे ठेवल्याने उद्भवलेल्या पेचप्रसंगात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी जवळजवळ आठवडाभर निवडक सल्लागारांशीच चर्चा केली आणि २२ ऑक्टोबर १९६२ रोजी दूरचित्रवाणीवरील भाषणाच्या सुमारे दोन तास आधी काँग्रेसच्या नेत्यांना विश्वासात घेतले. निवडणुकीच्या प्रचारासाठी आपापल्या राज्यांत गेलेल्या काहींना लष्करी विमानांनी परत आणले होते. त्या बैठकीत सिनेटर रसेल आणि फुलब्राइट यांनी केनेडींनी ठरवलेली क्यूबाची सागरी नाकेबंदी पुरेशी नाही, क्यूबावर थेट आक्रमण करावे, असे सुचवले. ते ऐकले गेले असते तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. म्हणून सल्लामसलतीचे मोल उत्तर मवाळ मिळते की जहाल, यावर ठरवू नये. निर्णय घेणाऱ्याला आपली कारणे बाहेरच्या माणसांसमोर मांडावी लागतात आणि उलट प्रश्नांना तोंड द्यावे लागते, यात ते मोल आहे.

सह्याद्री वाचक

युद्धाबरोबर तहांचाही उल्लेख व्हावा, कारण तिथे काँग्रेसच्या हातात खरा लगाम आहे. तहासाठी सिनेटच्या उपस्थित सदस्यांपैकी दोनतृतीयांशांची संमती लागते. विल्सन पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसला गेले तेव्हा त्यांनी एकाही सिनेटरला बरोबर नेले नाही आणि व्हर्सायचा तह सिनेटने नोव्हेंबर १९१९ आणि मार्च १९२० मध्ये फेटाळला. हा धडा घेऊन १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठीच्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला डेमोक्रॅट सिनेटर कॉनली आणि रिपब्लिकन सिनेटर व्हॅन्डनबर्ग दोघेही शिष्टमंडळात गेले. संयुक्त राष्ट्रांची सनद सिनेटमध्ये ८९ विरुद्ध २ मतांनी संमत झाली.

आपल्या विद्यार्थ्यांना जवळचे उदाहरण हवे असल्यास भारत-अमेरिका अणुकरार घ्यावा. तो तिथे तह म्हणून गेला नाही, तरी दोन्ही सभागृहांची मंजुरी लागली. १ ऑक्टोबर २००८ रोजी सिनेटने ८६ विरुद्ध १३ मतांनी ती दिली. आपल्याकडे मात्र अशा करारावर संसदेची मोहोर घटनेने बंधनकारक केलेली नाही. जुलै २००८ मधील ते गाजलेले मतदान करारावर नव्हते, सरकारवरील विश्वासदर्शक ठरावावर होते. हा फरक आपल्या धड्यात चपखल बसेल.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते. राष्ट्राध्यक्षांनी तिसरे कलम पाळले नाही, तर सदस्य न्यायालयात का जात नाहीत?

पूर्वकिनारा

गेले आहेत, मॅडम. १९९० मध्ये इराकविरुद्ध आखातात सैन्य जमू लागले, तेव्हा काँग्रेसच्या ५४ सदस्यांनी राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांच्याविरुद्ध दावा केला. युद्ध घोषित करण्याचा काँग्रेसचा अधिकार न्यायाधीशांनी हलका मानला नाही, परंतु काँग्रेसने संस्था म्हणून काहीच भूमिका घेतलेली नसताना न्यायालयाने मध्ये पडण्याची वेळ आलेली नाही, असे सांगितले. मला हा निकाल योग्य वाटतो, कारण तो जबाबदारी जिथली तिथे ठेवतो. पुष्कळ सदस्यांना मतदान टाळणेच सोयीचे असते: युद्ध यशस्वी झाले तर पाठिंबा दिला म्हणता येते, फसले तर आम्हाला विचारलेच नव्हते म्हणता येते. १९९९ मध्ये कोसोव्होवरील हवाई मोहिमेला संमती देण्याच्या ठरावावर प्रतिनिधिगृहात २१३ विरुद्ध २१३ अशी बरोबरी झाली आणि मोहीम ७८ दिवस चालूच राहिली.

बुश यांनी अखेर जानेवारी १९९१ मध्ये काँग्रेसकडे पाठिंबा मागितला. दोन्ही सभागृहांत खुली चर्चा झाली, आणि १२ जानेवारीला सिनेटने ५२ विरुद्ध ४७, तर प्रतिनिधिगृहाने २५० विरुद्ध १८३ मतांनी संमती दिली. ठरावावर सही करताना बुश यांनी नोंदवले की, पाठिंबा मागितला म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या घटनात्मक अधिकारांबाबतची जुनी भूमिका सोडली, असे समजू नये. तरीही त्या दिवशी प्रत्येक सदस्याचे मत नावानिशी नोंदले गेले. आपल्या विद्यार्थिनीला मी हीच तारीख सांगेन.