पाच जणांत नाट्यगीत: नांदीच घ्या

पाच जणांनी मिळून कोणतं नाट्यगीत गावं, या इथल्या प्रश्नावर कुणीतरी ‘घेई छंद मकरंद’ सुचवलंय. पद अप्रतिमच, पण पाच गळ्यांसाठी नाही. ते एकट्या गायकाने रंगवायचं. पाच जणांच्या ताना (झरझर घेतलेल्या सुरांच्या लडी) एकत्र बसवायला गेलात तर कुणाची समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येते, कुणाची पुढच्या मात्रेवर, आणि तबलजी बिचारा कुणाला धरायचं म्हणून सगळ्यांकडे बघत राहतो. त्यापेक्षा नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं स्तवन, घ्या. ‘शाकुंतल’ (१८८०) मधली ‘पंचतुंड नररुंडमालधर’ किंवा ‘मानापमान’ (१९११) मधली ‘नमन नटवरा’. नांदी पडदा उघडताच चारचौघांनी मिळून म्हणायची, त्यामुळे तिथे कुणाच्या तानांवाचून काही अडत नाही. शिवाय तीन-चार मिनिटांत आटोपते.

खरी अडचण पट्टीची, म्हणजे ‘सा’ कोणत्या उंचीवर धरायचा याची येते, आणि तिचा विषय इथे कुणी काढलेला दिसला नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीत आम्ही तीन बायका, दोन पुरुष. पेटीवाल्या काकांनी पुरुषांच्या सोयीने काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) ‘सा’ म्हणून धरली, तर आमचा खालचा षड्ज (सा) नुसती हवा! काळी चार केली तर पुरुषांचा तार (वरचा) षड्ज किंचाळायला लागला. शेवटी काळी तीनवर आलो आणि ओळी वाटून घेतल्या: वर चढणारी बायकांनी, खालची पुरुषांनी, ध्रुवपद सगळ्यांनी. तेव्हा पद ठरवायच्या आधी पेटी काढा आणि प्रत्येकाचा खालचा-वरचा सूर तपासून घ्या. आम्ही हे तालमीच्या तिसऱ्या दिवशी केलं, तोवर दोघांचे घसे बसले होते.