मदत हवी आहे: अलेक्झांड्रियाला दोन दिवस पुरतील का?

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आई-बाबांना घेऊन इजिप्तला जातोय. कैरोहून रेल्वेने अलेक्झांड्रिया गाठून दोन दिवस राहायचा बेत आहे. या शहराची ओढ मला शाळेपासून. सिकंदराने इ.स.पू. ३३१ मध्ये वसवलेलं बंदर! आपल्या सोपारा-कल्याणकडचा माल तांबडा समुद्र आणि मग नाईल नदी अशा वाटेने इथे यायचा, पुढे रोमला जायचा.

प्रसिद्ध दीपगृह भूकंपांनी पडलं. त्या जागी सुलतान कायतबेने १४७७ मध्ये किल्ला बांधायला घेतला, तो तर पाहायचाच. शिवाय 'पाँपीचा स्तंभ' (खरं तर तो सम्राट डायोक्लेशनसाठी उभारलेला) आणि २००२ मध्ये उघडलेलं नवं ग्रंथालय.

अडचण आईच्या गुडघ्यांची आहे. कोम अल-शुकाफाच्या भुयारी दफनस्थळात गोल जिन्याने खोल उतरावं लागतं. ज्येष्ठांना तिथे कुणी नेलंय का? मधे बसायला मिळतं का? तिला ते बघायची फार इच्छा आहे, म्हणून आत्ताच 'नको' म्हणवत नाही.

२०२३ मध्ये पुन्हा उघडलेल्या ग्रीको-रोमन संग्रहालयाला अर्धा दिवस द्यावा का? मुक्काम समुद्रकिनारी करावा की स्टेशनजवळ? आम्ही शाकाहारी आहोत. फलाफल सोडून आणखी काय मिळेल, तेही सांगा.