५वाय३ गेला. जीझेड३४ लावू की ५यू४जीबी? (मदत हवी आहे)

निवांत श्रोता

नमस्कार मंडळी. जुना व्हॉल्व्ह अँप्लिफायर आहे, स्टिरिओ, प्रत्येक चॅनेलला एकच ६व्ही६जीटी (आउटपुट व्हॉल्व्ह), त्याच्या आधी १२एएक्स७. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह) ५वाय३जीटी. परवा चालू करताक्षणी रेक्टिफायरच्या काचेत निळ्या ठिणग्या उडाल्या आणि फ्यूज गेला. नवा फ्यूजही लगेच उडाला. रेक्टिफायर काढून ठेवला की फ्यूज टिकतो, बाकी सगळे फिलामेंट नीट पेटतात.

एका मित्राने जीझेड३४ आणि ५यू४जीबी असे दोन रेक्टिफायर व्हॉल्व्ह दिलेत. दोन्ही ऑक्टल (आठ पिनांच्या बैठकीचे) आणि पिनाही जुळतात. कोणी म्हणतं जीझेड३४ने बास घट्ट होतो, कोणी म्हणतं ५यू४ गोड वाजतो. कोणता लावू?

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलंय: ३००-०-३०० व्होल्ट १२० मिलिअँपिअर, ५ व्होल्ट २ अँपिअर, ६.३ व्होल्ट ३ अँपिअर.

ओहमकार

आधी एक विनंती: दोन्हींपैकी काहीही खोचून बघू नका. आत शॉर्ट असेल तर मित्राचा व्हॉल्व्हही जाईल, आणि मग मित्रही.

५यू४जीबीचा निकाल तुमच्या ट्रान्सफॉर्मरनेच लावलाय. त्याच्या फिलामेंटला ३ अँपिअर लागतात, तुमचं वाइंडिंग २ अँपिअरचं. वाजेल, पण ट्रान्सफॉर्मर तापत राहील. पिना जुळणं हा निकष नव्हे. २ आणि ८ला फिलामेंट, ४ आणि ६ला प्लेटा (धन टोकं) ही मांडणी या घराण्यात जवळपास सगळ्यांची सारखीच असते.

जीझेड३४ १.९ अँपिअरच घेतो, त्यामुळे वाइंडिंगला चालेल. पण त्याची अडचण वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येऊ. आधी ५वाय३ का मेला ते शोधू या. सांगा:

रेक्टिफायरनंतरचा पहिलाच कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा आहे? आणि अँप्लिफायर बंद, प्लग बाहेर, कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून (मीटरवर शून्य दिसल्याशिवाय हात घालायचा नाही) एचटी (रेक्टिफायरनंतरचा उच्च डीसी पुरवठा) ते चासी (धातूचा सांगाडा) रोध किती येतो?

खरखर

मी असतो तर दोन १एन४००७ (सिलिकॉन डायोड) टाकून मोकळा झालो असतो. व्हॉल्व्ह रेक्टिफायर म्हणजे उगाच उष्णता.

ओहमकार

@खरखर, नव्याने आखलेल्या सर्किटात टाका की. इथे नको. डायोडमध्ये व्होल्टेज पडतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणजे एचटी जीझेड३४पेक्षाही वर जाईल. शिवाय ३००-०-३००ला उलटा व्होल्टेज ८४८पर्यंत जातो. १००० व्होल्टच्या एका डायोडवर तो सोपवायला माझं मन होत नाही. प्रत्येक बाजूला दोन-दोन सिरीजमध्ये हवेत.

निवांत श्रोता

रोध शून्याजवळून सुरू होतो, मग हळूहळू चढत २०० किलोओहमच्या वर जातो. पहिला कपॅसिटर १०० मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट, नवाकोरा दिसतोय. आधीच्या मालकाने बदललेला असावा. सर्किटच्या कागदावर तिथे १६ आहे. त्यानंतर १० हेन्रीचा चोक (गुरगुर गाळणारी कॉइल), मग ४७.

ओहमकार

सापडला चोर.

रोध चढत जातोय म्हणजे एचटीवर शॉर्ट नाही, कपॅसिटर फक्त भरतोय. दोष त्या १००चा. कपॅसिटरचा व्होल्टेज जवळजवळ शिखरावरच टिकलेला असतो, त्यामुळे रेक्टिफायरला प्रत्येक अर्ध्या चक्रात अगदी थोडा वेळ वाहायला मिळतं. कपॅसिटर जितका मोठा तितका तो वेळ कमी, आणि तेवढ्याच वेळात सगळा करंट द्यायचा म्हणजे झटका मोठा. मीटरवर सरासरी ८५ मिलिअँपिअर निवांत दिसत असतात, पण कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) बसणारे हिसके त्याच्या कितीतरी पट. चालू करताना रिकामा कपॅसिटर भरतानाचा हिसका तर सर्वांत वाईट.

डेटाशीटमध्ये पहिल्या कपॅसिटरचे आकडे असे: ५वाय३ला २० मायक्रोफॅरड, ५यू४जीबीला ४०, जीझेड३४ला ६०. तुमचा १०० यांतल्या कोणालाच पेलणारा नाही. जीझेड३४ लावला असता तर तोही काही दिवसांत ठिणग्या दाखवू लागला असता.

या आकड्यांसोबत प्रत्येक प्लेटच्या वाटेत किमान किती रोध हवा हेही डेटाशीट सांगतं. तो बहुतेक ट्रान्सफॉर्मरकडूनच मिळतो: अर्ध्या सेकंडरीचा रोध, अधिक प्रायमरीचा रोध गुणिले फेऱ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग. कमी भरला तर प्रत्येक प्लेटला वेगळा रेझिस्टर लावायचा.

गुरगुर कमी करायची म्हणून कोणीतरी १०० टाकला असणार. ते करायचं तर चोकच्या पुढे करा. तिथला ४७ काढून १०० लावलात तरी रेक्टिफायरला फरक पडत नाही, मधे चोक आहे.

तिसरी घंटा

पण जीझेड३४चा आवाज खरोखर वेगळा येतो हो. माझ्या कानांनी ऐकलंय.

ओहमकार

येतो, नाही कोण म्हणतं? पण एचटी बदलला की ६व्ही६ वेगळ्या बिंदूवर चालतो, बराचसा फरक त्याचा. एचटी सारखा करून ऐका आणि मग बोलू. गिटारवाल्यांच्या एबी वर्गाच्या अँप्लिफायरमध्ये जोरात वाजवलं की करंट वाढतो, रेक्टिफायरवर जास्त व्होल्टेज पडतो आणि एचटी दबतो. तो दबलेपणा त्यांना हवाच असतो. इथे सिंगल-एंडेड ए वर्ग (एकच आउटपुट व्हॉल्व्ह, सतत वाहणारा). करंट जवळपास स्थिर, दबायला कारणच नाही.

निवांत श्रोता

मग जीझेड३४ची ती दुसरी अडचण कोणती? पहिला कपॅसिटर १६ केला तरी चालणार नाही का?

ओहमकार

६व्ही६चे कॅथोड रेझिस्टर किती? समजा ४७० ओहम आणि त्यांच्यावर १८ व्होल्ट. म्हणजे ३८ मिलिअँपिअर. प्लेट २९८ असेल तर प्लेट ते कॅथोड २८०, गुणाकार १०.६ वॉट, त्यातून स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या ग्रिडचा) वाटा वजा करा. छान चाललंय.

आता जीझेड३४. ५वाय३मध्ये पूर्ण १२५ मिलिअँपिअरला सुमारे ६० व्होल्ट पडतात, जीझेड३४मध्ये २२५ला १७च्या आसपास. तुमच्या करंटला एचटी ३० ते ३५ व्होल्ट वर जाईल. प्लेट ३३०, कॅथोड साडेवीस, करंट ४४ मिलिअँपिअरच्या घरात, गुणाकार साडेतेरा वॉट. स्क्रीन वजा केला तरी बारा ओलांडले. जुन्या डेटाशीटमध्ये ६व्ही६जीटीची मर्यादा ३१५ व्होल्ट आणि १२ वॉट. प्लेट लगेच लाल होणार नाही, पण व्हॉल्व्ह लवकर म्हातारे होतील.

हट्टच असेल तर पहिल्या कपॅसिटरनंतर, चोकच्या आधी ३९० ओहम १० वॉटचा रेझिस्टर टाका; वाढलेले व्होल्ट तिथे पडतील. पण मग साधा ५वाय३ काय वाईट? तोच घ्या. फक्त ५वाय३ छापलेले काही नवे व्हॉल्व्ह आतून इनडायरेक्ट हीटेड (कॅथोड वेगळा, फिलामेंट त्याला तापवतं) असतात आणि त्यांच्यात व्होल्टेज कमी पडतो. लावल्यावर मोजाच.

पहिला कपॅसिटर १६ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्टचा घ्या. ५वाय३ काही सेकंदांत तापतो, ६व्ही६ मागून. तोपर्यंत लोड नसतो आणि कपॅसिटरवर ४२४ व्होल्ट चढतात. पुरवठा थोडा जास्त असला तर ४५०ला फार जागा उरत नाही.

निवांत श्रोता

५वाय३ आणि १६/५०० बसवले. चोकच्या आधी ३१८, प्लेटा २९६ आणि २९७, कॅथोड १७.८ आणि १८.१. रेझिस्टर ४७०चेच निघाले. फ्यूज शाबूत. चोकपुढे १०० टाकल्यावर गुरगुरही गेली. फार आभार!

शेवटचं एक: मागे स्टँडबाय स्विच (फिलामेंट चालू ठेवून एचटी तोडणारा) आहे, रेक्टिफायर आणि पहिल्या कपॅसिटरच्या मधे. वापरायचा ना?

ओहमकार

मुळीच नाही. गरम कॅथोडवर अचानक रिकामा कपॅसिटर जोडणं म्हणजे तोच हिसका पुन्हा. स्विचची दोन टोकं कायमची जोडून टाका, किंवा तो चोकच्या पलीकडे न्या. पण पलीकडे नेलात तर स्टँडबायमध्ये पहिल्या कपॅसिटरवर ४२४ व्होल्ट बसून राहतील. मी असतो तर जोडूनच टाकला असता.