अनुभव धागा : वायुदल सोडल्यावर एअरलाइनच्या कॉकपिटपर्यंत

मंडळी, सैन्यातल्या वैमानिकाने गणवेश उतरवला की पुढे काय, हे जवळून माहीत असलेल्यांसाठी हा धागा. आठवणी दुसरीकडे लिहा; इथे कागद, तास, पैसे आणि कुठे अडकायला होतं तेवढंच येऊ द्या.

सुकाणू
सेवा सोडण्याचा अर्ज टाकण्याआधी लॉगबुक (उड्डाणाच्या तासांची वही) उघडा. एटीपीएलला (एअरलाइनचा कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स) एकूण १५०० तास लागतात. त्यात १०० रात्रीचे आणि १०० इन्स्ट्रुमेंटचे (बाहेर न बघता फक्त यंत्रांवर उडवलेले); इन्स्ट्रुमेंटमधले निदान ५० प्रत्यक्ष उड्डाणातले. वाहतूक विमानांवरच्या लोकांना हे जड जात नाही. फायटरवाल्यांचं घोडं इथेच अडतं. सॉर्टी (उड्डाणाची एक फेरी) तास-सव्वातासाची, उड्डाण बहुधा त्याच तळावरून त्याच तळावर, म्हणून एकूण तास कमी आणि क्रॉस-कंट्रीचा (दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या उड्डाणांचा) रकाना त्याहून रिकामा. पायलट-इन-कमांडचे (विमानाचा प्रमुख म्हणून उडवलेले) तास मात्र भरपूर. पंधराशे भरत नसतील तर सीपीएलवर (कमर्शियल पायलट लायसन्स) को-पायलट म्हणून लागता येतं, तिथे किमान अट २०० तासांची आहे.

रकान्यांची ही फोड युनिटमध्ये असतानाच सही-शिक्क्यानिशी करून घ्या. नंतर पत्रव्यवहार करायला जाल तेव्हा स्क्वाड्रन दुसऱ्या तळावर हललेली असते आणि सही करणारा तिसऱ्याच पोस्टिंगवर.

टेलविंड
त्यात भर घालतो. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) परीक्षेआधी कॉम्प्युटर नंबर (परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक) काढावा लागतो आणि त्यासाठी बारावीचे फिजिक्स-मॅथ्सचे गुण बोर्डाकडून पडताळून लागतात. आपल्याकडची खास अडचण म्हणजे महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. सर्व्हिस रेकॉर्डवर क्रम वेगळा, आधारवर तिसराच. सगळं आधीच एकसारखं करून घ्या, नाहीतर अर्ज परत येतो. विमानतळाच्या प्रवेश पासाची पार्श्वभूमी तपासणीही याच नावावर अडते.

पेपरला पास व्हायला ७० टक्के लागतात. कोणत्या पेपरात सूट आहे ते ताज्या सर्क्युलरमध्ये बघा, जुन्या बॅचमेटच्या सांगण्यावर विसंबू नका. नापास होण्याचा खरा धोका एअर रेग्युलेशन्समध्ये. उडवायची सवय असली तरी नियमांची भाषा नवी असते. इंग्रजीच्या चाचणीत लेव्हल ४ मिळाली तर तीन वर्षांनी पुन्हा द्यावी लागते, ६ मिळाली तर कायमची सुटका.

मेडिकल: सर्व्हिसमधली ए-वन कॅटेगरी आपोआप नागरी लायसन्सच्या मेडिकलची क्लास वन होत नाही. पूर्वी इजेक्शन (सीटसकट विमानाबाहेर फेकलं जाणं) झालेलं असेल, मणक्याला इजा असेल, तर मेडिकल बोर्डांच्या प्रती आणि एमआरआय आधीच मिळवा.

डावी सीट
उडवण्याविषयी थोडं. एअरबस ए-३२०च्या उजव्या सीटवर उजव्या हातात साइडस्टिक (विमान वळवायची दांडी), डाव्यात थ्रस्ट लीव्हर (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा), म्हणजे हुबेहूब फायटरसारखं. गोंधळ कॅप्टन होताना होतो, कारण डाव्या सीटवर हात बदलतात. सुखोई किंवा मिगवरून येणाऱ्यांच्या नजरेत वेग किलोमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये बसलेली असते. इथे नॉट आणि फूट.

पण सिम्युलेटरवर माणसं पडतात ती हातामुळे नव्हे, तोंडामुळे. वर्षानुवर्षं एकट्याने बसलेला माणूस कॉलआउट (ठरलेले शब्द मोठ्याने बोलणं) देत नाही, समोरच्याच्या कॉलआउटची वाट न बघता स्वतःच बटण दाबतो. दुसरी खोड म्हणजे बिघडलेला अप्रोच (उतरण्यासाठी खाली येणं) हाताने सावरणं. ढगांत १००० फुटांवर विमान स्थिर नसेल तर गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर), विषय संपला. सावरून सुंदर उतरलात तरी विमानात नोंदलेल्या फ्लाइट डेटामधून चौकशीचं बोलावणं येतंच. आणि हो, शेजारी तुमच्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान कॅप्टन असेल. कमांड त्याची.

जुहू तळ
हेलिकॉप्टरवाल्यांना कुणी विचारतच नाही! नाशिकच्या आर्मी एव्हिएशन स्कूलमधून तयार झालेल्यांना जुहूहून होणारी मुंबई हायची (समुद्रातल्या तेलक्षेत्राची) ऑफशोअर उड्डाणं हा चांगला रस्ता आहे. तिथे दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरचे तास आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (यंत्रांवर उडवण्याची पात्रता) बघतात. एका इंजिनाच्या चीता-चेतकवर आयुष्य गेलेल्यांकडे हे दोन्ही नसतं. बुडत्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचं प्रशिक्षणही लागतं. केदारनाथच्या फेऱ्यांना एक इंजिन चालतं, पण तिथे साडेतीन हजार मीटरच्या आसपास उतरायचं, हंगाम मोजक्या महिन्यांचा आणि फेऱ्यांचा दबाव फार. माझ्या मते घरच्या ओढीने जुहू, हट्टाने डोंगर.

हिशेबनीस
अधिकाऱ्याला पेन्शन २० वर्षांच्या सेवेवर मिळते. शॉर्ट सर्व्हिसच्या (ठरावीक मुदतीच्या कमिशनच्या) १४ वर्षांवर मिळत नाही, त्यामुळे दोघांचं गणित एक नाही. कम्युटेशनमध्ये निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते आणि ती १५ वर्षांनी पूर्ववत होते. ते पैसे टाइप रेटिंगमध्ये (एका ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) घालायचा मोह होतो. ऑफर लेटर हातात नसताना स्वतःच्या खर्चाने रेटिंग करू नका: विमान एक, नोकरी दुसऱ्या विमानाची, आणि लाखो रुपये अडकलेले. कंपनीचा बाँड किती वर्षांचा आणि मध्येच सोडल्यास किती भरायचं, हे वाचूनच सही करा. शिवाय को-पायलटला ६ महिने आणि कॅप्टनला १२ महिने नोटीस द्यावी लागते. लायसन्स गेल्यास भरपाई देणारा विमा पहिल्या पगारापासून घ्या, चाळिशीनंतर मेडिकल कधी फिरेल सांगता येत नाही.

टेलविंड
एक राहिलं. उड्डाणापूर्वीच्या दारूच्या ब्रेथ टेस्टमध्ये आकडा शून्यच हवा. पहिल्यांदा सापडलात तर लायसन्स ३ महिने निलंबित, दुसऱ्यांदा ३ वर्षं. अल्कोहोलवालं माउथवॉश आणि होमिओपॅथीचे थेंबही यात पकडतात, त्यामुळे ड्यूटीच्या आदल्या रात्री बाटलीवरची लेबलं वाचा.