लामा उठत नाहीये, तातडीने मदत हवी आहे

कोपऱ्यातला
आमचा लामा (उंटाच्या कुळातला लोकरीचा प्राणी) कालपासून बसलाय तो बसलाच. उठवला तर मागचे पाय फाकतात, झिंगल्यासारखी चार पावलं टाकतो आणि पुन्हा फतकल. खातोय, पितोय. शेळ्यांची राखण तोच करतो, कोयोटी (कोल्ह्या-लांडग्यासारखं रानटी जनावर) फार आहेत. डॉक्टर सोमवारशिवाय येत नाही. गुळाचं पाणी द्यावं का? ज्यांनी पाळलेत त्यांनी लगेच सांगा.

मृण्मयी_ह्यूस्टन
उष्माघात. लोकर कातरली होती का? फॅरनहाइट तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १८० च्या वर गेली की लामाला धोका. पोटाखाली पाणी मारा. पाठीवर नको, वरची ओली लोकर उष्णता कोंडून धरते.

कोपऱ्यातला
इथे आज ५२ फॅरनहाइट आहे हो, थंडीच.

मृण्मयी_ह्यूस्टन
इथे म्हणजे कुठे??

गोठेवाली
वय? खच्ची केलाय का? गुदद्वारात थर्मामीटर घालून ताप बघा. राज्य कोणतं? जंताचं औषध शेवटचं कधी दिलं?

कोपऱ्यातला
वय ६, खच्ची. ताप १०१. पेनसिल्व्हेनिया. जंताचं औषध एप्रिलमध्ये, शेळ्यांबरोबरच. पण दुखणं पायाचं आहे, जंतांचा काय संबंध?

खिल्लारी
राखणीला कुत्रंच पाहिजे. आमचे चुलते फलटणकडून मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे. रात्री मेंढरं वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडली की भोवती चार कुत्री. लांडग्याची काय टाप! हा उंटाचा चुलतभाऊ काय करणार?

गोठेवाली
एकटादुकटा कोयोटी असला तर अंगावर धावून जातो, लाथा घालतो. टोळीपुढे किंवा मोकाट कुत्र्यांपुढे हरतो, मान्य. पण चरतो शेळ्यांबरोबरच, वेगळा खुराक लागत नाही. असो. कोपऱ्यातला, कुरणात हरणं येतात का?

कोपऱ्यातला
रोजचीच. पांढऱ्या शेपटीची. ओढ्याकाठी सकाळी आठ-दहा असतात. त्यात नवीन काय?

गोठेवाली
हेच आधी सांगायचं ना! मेनिंजियल वर्म असावा. हा जंत हरणाच्या मेंदूच्या आवरणात राहतो, हरणाला काही होत नाही. लेंड्यांतून अळ्या पडतात, त्या गोगलगायीत शिरतात, आणि ओल्या गवताबरोबर लामा ती गोगलगाय खातो. अळ्या भरकटून मज्जारज्जूत घुसतात आणि मागचे पाय जातात. लामाच्या लेंड्या तपासून काही सापडत नाही. सोमवारची वाट बघू नका.

रानवेडा
जंताचं आयव्हरमेक्टिन टोचा, घरात असेलच.

गोठेवाली
ते दर महिन्याला दिलं तर अळ्या वाटेतच मरतात. एकदा मज्जारज्जूत पोचल्या की त्याचा उपयोग नाही, ते तिथवर जातच नाही. फेनबेंडाझोल लागतं, पाच दिवस, सोबत सूज उतरवायचं औषध. दोन्ही डॉक्टरला विचारूनच. तोवर खाली जाड पेंढा, कूस दर काही तासांनी बदला, छाती टेकवून सरळ बसवा. गूळ राहू दे.

सूक्ष्मदर्शक
लामाच्या रक्तपेशी आपल्यासारख्या गोल नसतात, लंबगोल असतात. आणि उंट-लामांच्या रक्तात एक प्रकारची साधी, लहान प्रतिपिंडं असतात. १९९३ साली बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी ती जगापुढे आणली. त्यावरून औषधंही निघाली आहेत.

खिल्लारी
सर, त्याचे पाय गेलेत.

कोपऱ्यातला
विद्यापीठाच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन केला, रात्रीच डॉक्टरबाई आल्या. त्यांनाही तोच संशय आहे, औषध सुरू. आज तिसरा दिवस. सकाळी बघतो तर पेंढ्यावर नाही! चिखलात पाय ओढल्याचा माग होता, सरळ लेंड्यांच्या ढिगापर्यंत. हे सगळे एकाच जागी जातात ना, त्याने पेंढा घाण केला नाही. परत येणं जमलं नसावं, तिथेच बसला होता. बायको रडली.

ता.क. शेळ्यांनाही हा जंत होतो का?

गोठेवाली
होतो. ओढ्याकाठचं कुरण आजच कुंपणाने तोडा, बदकं सोडली तर गोगलगायी कमी होतील. शेळ्यांच्या औषधाचं त्याच बाईंना विचारा.

मृण्मयी_ह्यूस्टन
बरा होईल हो. पण मे महिन्यात कातरणी विसरू नका.