स्प्लिट ते डुब्रोव्हनिक बोटीने: क्रूझ की साधी फेरी?

लाटांवरचा_पाहुणा:
नमस्कार मंडळी, सप्टेंबरअखेर क्रोएशियाला चाललोय, मी, बायको आणि आई. आई ६८ची, सपाटीवर छान चालते पण पायऱ्या आल्या की गुडघे कुरकुरतात. ८ दिवस आहेत, स्प्लिटला उतरायचं, डुब्रोव्हनिकहून परत, मधलं सगळं समुद्रातून. आईला बोटीचं वेड, मला जुन्या गावांचं. रोज एक गाव दाखवणारी क्रूझ घेऊ की फेरीने आपलं आपण जाऊ? आणि गाळायचं झालं तर कुठलं गाव गाळू?

दर्याकाठ:
फेरी, डोळे झाकून फेरी. आम्ही क्रूझ घेतली होती, दुपारी ऐन गर्दीत गावात सोडायचे आणि सकाळी नाश्त्याआधीच नांगर उचलायचे. ही गावं खरी बघायची ती दिवसभराची मंडळी परत गेल्यावर, नाहीतर भल्या सकाळी.

स्प्लिटला २ रात्री द्याच. डायोक्लेशियन या रोमन सम्राटाने इ.स. ३०५च्या सुमारास म्हातारपणी राहायला बांधलेला राजवाडा, त्याच्या भिंतींच्या आत आजही लोक राहतात, रोमन कमानीवरच्या खिडकीत कपडे वाळत असतात. त्याची समाधी होती तिथेच आता कॅथेड्रल आहे, ज्याने ख्रिश्चनांचा इतका छळ केला त्याच्याच समाधीत! मी तिथे बराच वेळ नुसती बसून होते. बंदरापासून चालत १० मिनिटं, रस्ता सपाट. फक्त फरशी शतकानुशतकं घासून आरशासारखी झालीये, पाऊस पडला तर आईंचा हात धरा.

शिडाची_दोरी:
एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, ह्वार बेटावर बंदरं दोन. कॅटामरान, म्हणजे फक्त माणसं नेणारी वेगवान बोट, ह्वार गावात जाते, तासाभरात पोचते, पण सगळे आत काचेमागे बसलेले. गाड्या नेणारी मोठी फेरी स्तारी ग्रादला लागते, २ तास घेते, पण वर उघडा डेक असतो. आईंना बोटीची हौस आहे ना, मग मोठीच घ्या. आणि स्तारी ग्राद स्वतःच भारी आहे, पारोसहून आलेल्या ग्रीकांनी इ.स.पू. ३८४ मध्ये वसवलं, त्यांनी आखलेली शेतांची वाटणी दगडी बांधांसकट अजून तशीच आहे, आणि सगळं सपाटीवर.

कोर्चुला गाव अजिबात गाळू नका. माशाच्या काट्यासारख्या गल्ल्या आहेत, पश्चिमेकडच्या सरळ, म्हणजे उन्हाळ्यात दुपारचा माएस्त्राल वारा आत यावा, आणि पूर्वेकडच्या जरा वाकड्या, म्हणजे थंडीतला बोचरा ‘बुरा’ वारा अडावा. मी दुपारी पश्चिमेच्या एका गल्लीच्या वरच्या टोकाला उभा होतो, खालून समुद्राचा वारा सरळ अंगावर आला आणि तेव्हा कळलं की हे गाव कुणीतरी वाऱ्याकडे बघून आखलंय. गल्ल्यांना पायऱ्या आहेत, पण तटबंदीबाहेरून समुद्राच्या कडेने फेरी मारता येते, आईंना तिथून न्या.

खारा_वारा:
वाऱ्यावरून आठवलं, जुगो नावाचा दक्षिणेकडचा वारा वाहायला लागला की दोन-तीन दिवस लाटा उसळतात आणि आधी कॅटामरान रद्द होतात. आमची तशीच रद्द झाली आणि डुब्रोव्हनिकची एक रात्र गेली. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी बोट ठेवू नका. डुब्रोव्हनिकची बोट ग्रूझ बंदराला लागते, जुनं गाव तिथून साधारण ३ किमी, बस मिळते.

लाटांवरचा_पाहुणा:
खूप मदत झाली, क्रूझचा विचार सोडला. स्प्लिट २, स्तारी ग्राद २, कोर्चुला १, उरलेलं डुब्रोव्हनिक. पण तिथल्या तटबंदीचं काय? जवळजवळ २ किमी आणि पायऱ्याच पायऱ्या म्हणे.

दर्याकाठ:
तुम्ही दोघं सकाळी उघडल्या उघडल्या तटावरून फिरून या, वाट एकेरी आहे, मधूनच मागे वळता येत नाही. मग आईंना घेऊन जुन्या बंदरातून लोक्रुम बेटाची बोट पकडा, १५ मिनिटांची. सुटताना मागच्या बाजूला बसवा त्यांना, अख्खा तट पाण्यातून वर आल्यासारखा दिसतो.