मदत हवी आहे: रॅकमची चित्रं पुस्तकातून सुटताहेत

नमस्कार मंडळी. आजोबांच्या कपाटात इंग्रज चित्रकार आर्थर रॅकमच्या चित्रांचं 'रिप व्हॅन विंकल' हे गोष्टीचं पुस्तक सापडलं. लंडनच्या हाइनमन प्रकाशनाची १९०५ची आवृत्ती, ५१ रंगीत चित्रं. तेव्हाच्या तीनरंगी छपाईला गुळगुळीत कागद लागायचा, म्हणून चित्रं वेगळी छापून पानावर नुसती कडेला चिकटवत. यंदाच्या पावसाळ्यात त्यातली चार सुटली, एकाचा कोपराही दुमडलाय.

रॅकमची रेघ भिंगाखाली बघा एकदा. झाडाच्या गाठाळ मुळांत चेहरे लपलेले, आणि शाईवर मातकट रंगाचे इतके पातळ थर की खालची रेघ न् रेघ दिसते. यातलं एकही चित्र हरवलं तर फार जिवाला लागेल.

बाजारातला पांढरा गोंद लावायची हिंमत होत नाही, तो पुन्हा निघत नाही. गव्हाची खळ चालेल का? किती पातळ करू? ओलीने चित्राचा कागद फुगेल का? दुमडलेला कोपरा सरळ कसा करायचा? पुण्या-मुंबईत जुन्या पुस्तकांचं असं काम जपून करणारं कुणी माहीत असेल तर जरूर सांगा. तोवर सुटी चित्रं कोऱ्या कागदांत घालून सपाट ठेवली आहेत.